मिनीमूग सुरात आणताना

गेल्या उन्हाळ्यात एक ज्येष्ठ वादक आपला मिनीमूग, म्हणजे जुना ॲनालॉग सिंथेसायझर, घेऊन माझ्याकडे आले. लाकडी चौकट, उचलून तिरकं उभं करता येणारं पॅनेल, चव्वेचाळीस पट्ट्या. तक्रार एकच होती: "खाली नीट वाजतो, वर गेलं की कणसूर होतो." त्यांनी खालचा सा मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी जुळवून दाखवला, अगदी चिकटला. मग तीन सप्तकं वरचा सा दाबला. तो चांगलाच उतरलेला. वरचा जुळवला तर खालचा चढला. पुढच्या पॅनेलवरचं ट्यूनचं बटण ते कित्येक वर्षं असंच इकडून तिकडे फिरवत होते, आणि शेवटी वरच्या दीड सप्तकात वाजवणंच त्यांनी सोडून दिलं होतं.

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरबद्दल ही तक्रार इतक्यांदा कानावर येते, की तिच्यामागचं सगळं एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. यंत्राला सूर लावणं म्हणजे कुठला तरी एक स्क्रू फिरवणं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे दोन वेगळे दोष असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

सतार डोळ्यांपुढे आणा. बाजाची तार उतरली असेल तर खुंटी पिळायची. सगळे पडदे एकदम जाग्यावर येतात. पण समजा घोडीच दोन-तीन मिलिमीटर सरकली आहे. आता मोकळी तार कितीही अचूक लावा, पहिल्या पडद्यावर थोडा फरक, मधल्या पडद्यावर जास्त, वरच्या पडद्यावर असह्य. खुंटी पिळून हे कधीच सुधारणार नाही, कारण बिघाड तारेच्या ताणात नसून लांबीच्या हिशोबात आहे. त्या वादकांच्या मिनीमूगची घोडी सरकली होती, आणि ते खुंटी पिळत होते.

सिंथेसायझरमध्ये खुंटीचं काम करणारा ट्रिमर, म्हणजे आतल्या बोर्डावरचा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा स्क्रू, असतो, तो सगळे स्वर सारख्याच अंतराने वर किंवा खाली नेतो. दुसरा ट्रिमर घोडीचं काम करतो. एका सप्तकाची उडी मारली की ती खरोखर एक सप्तकाचीच पडते का, हे त्याच्या हाती. याला स्केल म्हणतात. काही कंपन्यांच्या बोर्डांवर 'विड्थ' असंही छापलेलं सापडतं. पुढचं सगळं या दोघांच्या संबंधाबद्दल आहे, आणि त्या दोघांनाही छळणाऱ्या उष्णतेबद्दल.

एका सप्तकाला एक व्होल्ट

आपला कान स्वर दुपटीने मोजतो. खालची पांढरी सहा ११० हर्ट्झला असेल, तर तिच्या वरची २२०, मग ४४०, मग ८८०. आकड्यांतलं अंतर वाढत जातं, पण कानाला प्रत्येक उडी सारखीच वाटते. विजेच्या मंडलाला मात्र दुपटीपेक्षा बेरीज सोपी जाते. मिनीमूगच्या पट्ट्यांखाली सारख्या किमतीच्या रेझिस्टरांची साखळी असते; एक पट्टी पुढे गेलं की व्होल्टेजमध्ये ठरावीक भर पडते, आणखी एक पुढे गेलं की तेवढीच आणखी. रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून जी यंत्रं बांधली त्यांतून हा हिशोब रूढ झाला: एका सप्तकाला एक व्होल्ट. एक व्होल्ट वाढवा, कंपनं दुप्पट. दोन व्होल्ट वाढवा, चौपट.

सप्तकात बारा पट्ट्या, म्हणून एका पट्टीला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. एका पट्टीच्या अंतराचे शंभर भाग केले की एक सेंट, तो झाला ०.८३ मिलिव्होल्टचा. तयार कान पाच-सहा सेंटचा फरक पकडतो. म्हणजे साधारण पाच मिलिव्होल्ट इकडे-तिकडे झाले, की समोरचा गाणारा मान वर करून तुमच्याकडे बघतो. पन्नास वर्षांपूर्वीचं यंत्र, त्यातले पन्नास वर्षांपूर्वीचे रेझिस्टर, आणि मुभा एवढीच.

(सगळ्यांनी हा हिशोब धरला नाही. कॉर्गच्या एमएस-२० मध्ये व्होल्टेज दुप्पट केलं की कंपनं दुप्पट होतात. ती पद्धत वेगळी, तिची जुळणीही वेगळी. इथे तिच्यात शिरत नाही.)

आता बेरजेतून दुप्पट काढायची, ती कोणी? हे काम एक ट्रान्झिस्टर करतो, आणि मला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवलं, की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. आणखी १८ वाढवा, पुन्हा दुप्पट. कोणी शिकवलेलं नाही, सिलिकॉनचा तो स्वभावच आहे. संगीताला हवी असलेली दुपटीची शिडी निसर्गाने तयारच ठेवली होती. पट्ट्यांकडून आलेला एक व्होल्ट रेझिस्टरांच्या जोडीतून उतरवत १८ मिलिव्होल्टवर आणायचा, तो ट्रान्झिस्टरला द्यायचा, आणि मिळणाऱ्या प्रवाहाने एक कपॅसिटर भरायचा. कपॅसिटर ठरलेल्या पातळीला पोचला की झटक्यात रिकामा होतो आणि पुन्हा भरायला लागतो. हे भरणं-रिकामं होणं म्हणजेच करवतीच्या दात्यांसारखी लहर, म्हणजेच आवाज. प्रवाह दुप्पट, तर भरण्याचा वेळ निम्मा, तर स्वर एक सप्तक वर.

स्केलचा ट्रिमर नेमका कुठे बसतो हे आता दिसेल. एका व्होल्टचे १८ मिलिव्होल्ट करणाऱ्या त्या भागाकारात. भागाकार किंचित जास्त झाला तर १८ ऐवजी १७.९ पोचतात, आणि प्रत्येक सप्तक थोडं थोडं तोकडं पडतं. एका सप्तकात कळत नाही. तीन सप्तकांत ते साचतं.

उष्णता

हे १८ मिलिव्होल्ट कायमचे १८ नसतात. तो आकडा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. खोलीचं तापमान निरपेक्ष मोजणीत सुमारे ३०० अंश, म्हणून एक अंश वाढला की आकडा तीनशेत एकाने, म्हणजे ०.३३ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला नगण्य वाटतं. पण पाच सप्तकं म्हणजे साठ पट्ट्या, साठचे ०.३३ टक्के म्हणजे पट्टीचा पाचवा हिस्सा, वीस सेंट. एका अंशाला वीस! मे महिन्यात वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर लावलेलं यंत्र संध्याकाळी मांडवात ३६ अंशांवर नेलं, तर काय होईल याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

हे झालं घोडीचं सरकणं. खुंटी याहून वाईट ढिलावते. प्रवाह तोच ठेवला तर ट्रान्झिस्टरच्या बेसवरचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं. आपलं अख्खं सप्तक तर १८ मिलिव्होल्टचं. म्हणजे काहीच उपाय केला नाही, तर तापमान एक अंशाने वाढताच सगळे स्वर एका पट्टीहून जास्त सरकतील. पंख्याखाली बसून असं यंत्र वाजवणं अशक्यच.

म्हणून उपाय करावे लागले, आणि प्रत्येक जुन्या सिंथच्या बोर्डावर ते दिसतात. खुंटीसाठी एकाऐवजी दोन सारखे ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवतात. उष्णतेने दोघांचंही व्होल्टेज सारखंच घसरतं, आणि मंडलाला फक्त दोघांतला फरक दिसत असल्याने घसरण एकमेकांत विरते. अट एवढीच, की दोघांचं तापमान खरोखर एक असावं. घोडीसाठी भागाकारातला एक रेझिस्टर असा निवडतात, की त्याची किंमत दर अंशाला बरोबर तेवढ्याच प्रमाणात, ०.३३ टक्क्यांच्या आसपास वाढावी. एकाची चूक दुसऱ्याने खोडायची. हा रेझिस्टर बऱ्याचदा त्या ट्रान्झिस्टरांच्या अंगाला चिकटवलेला सापडतो. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात एखाद्याने 'हा सुटा दिसतोय' म्हणून तो सरळ करून ठेवलेला मी पाहिलाय. तसं करू नका. त्याचं चिकटून असणं हेच त्याचं काम आहे.

मिनीमूगच्या बाबतीत हा इतिहास यंत्राच्या पोटातच वाचता येतो. १९७० पासून १९८१ पर्यंत मिनीमूग बनत राहिला, आणि त्या काळात ऑसिलेटरचे, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या मंडलाचे, बोर्ड बदलले. सुरुवातीच्या यंत्रांमध्ये सुटे ट्रान्झिस्टर, ते खोलीच्या हवेबरोबर हलायचे. शेवटच्या पिढीत ७२६ क्रमांकाची एक चिप आली, तिच्यात ट्रान्झिस्टरांची जोडी आणि तिला तापवणारी छोटी शेगडी एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आहेत. चिप स्वतःला बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गरम आणि एकाच तापमानावर ठेवते, मग खोलीत काहीही होवो. पुढे डग कर्टिस यांच्या सीईएम ३३४० या चिपने ही भरपाई आतल्या आतच करून टाकली. प्रॉफेट-५ ची तिसरी आवृत्ती, रोलँडचा एसएच-१०१, मेमरीमूग, अशा कितीतरी यंत्रांत ती बसली.

यातून पहिला नियम निघतो, आणि तो मोडला तर पुढची सगळी मेहनत वाया. यंत्र सुरू करून किमान अर्धा तास तसंच ठेवायचं. मी तासभर ठेवतो. पंखा बंद, खिडकीतलं ऊन यंत्रावर येत नाही ना ते बघायचं. जुळणी करताना पॅनेल उघडं असतं आणि आतली गरम हवा निघून जाते, म्हणून एक फेरी झाली की झाकण लावून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग पुन्हा मोजायचं. उघड्या पोटी अचूक लावलेला सूर झाकण लावल्यावर हललेला दिसतो, याचं कारण एवढंच.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी

आधी पाठीवरची पाटी वाचा. अमेरिकेतून आलेली बरीच यंत्रं ११५ व्होल्टची असतात, आपल्या भिंतीत २३०. आत पॉवर सप्लायच्या आसपास घरचा करंट उघडा असू शकतो, तिथे बोट जाता कामा नये. ज्याला विजेच्या कामाची सवय नाही त्याने चालू यंत्राच्या आत हात घालू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो. बाहेरून करण्यासारखं बरंच काही आहे, तेवढंच करा आणि बाकीचं जाणकाराकडे द्या.

मग सर्व्हिस मॅन्युअल. मिनीमूगच्याच वेगवेगळ्या वर्षांच्या बोर्डांवर ट्रिमरच्या जागा वेगळ्या आहेत, त्यामुळे आपल्या बोर्डाचं मॅन्युअल शोधून तोच क्रम पाळायचा. कुठलाही ट्रिमर फिरवण्याआधी त्याचा फोटो काढा. जुन्या ट्रिमरच्या आत कार्बनचा पट्टा असतो, दमट हवेत त्यावर मळ बसतो. एकदा नुसता हलवला तरी स्वर उडी मारतो आणि पुन्हा जाग्यावर येत नाही. असा ट्रिमर जुळवत बसू नये, बदलावा. कोकणपट्टीतल्या चार-सहा पावसाळ्यांत राहिलेल्या यंत्राबद्दल मी हे गृहीतच धरतो. पट्ट्यांखालच्या संपर्कतारांचंही तेच. एकच पट्टी कधी बरोबर, कधी कणसूर वाजत असेल तर ऑसिलेटरला दोष देऊ नका. संपर्क साफ करा.

खरी सुरुवात पॉवर सप्लायपासून. मिनीमूगचे दोन पुरवठे आहेत, अधिक १० आणि उणे १० व्होल्ट. पट्ट्यांचं व्होल्टेज, ऑसिलेटरची पातळी, सगळं यांच्या आधाराने मोजलं जातं. पाया हलला की वरचं सगळं हलतं, म्हणून हे व्होल्टेज आधी तपासायचं, आणि एकदा ठीक झालं की पुन्हा हात लावायचा नाही. आकडा बरोबर असूनही त्यावर घुंकार चढलेला असेल तर गाळणीचे मोठे कपॅसिटर थकलेले असतात. पन्नास वर्षांचे कपॅसिटर थकणारच. ते बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

इथे मल्टीमीटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात बरेच हौशी लोक फसतात. आपल्याकडचा नेहमीचा साडेतीन अंकी मल्टीमीटर २० व्होल्टच्या रेंजवर दहा-दहा मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी वाचतो. दहा मिलिव्होल्ट म्हणजे बारा सेंट. त्या मीटरवर ३.००, ४.००, ५.०० असं सुरेख दिसलं तरी स्वर दहा सेंटने उतरलेला असू शकतो, आणि मीटर त्याबद्दल गप्प राहील. पुरवठा तपासायला हा मीटर पुरे. स्वर जुळवायला मात्र कंपनं मोजणारा मीटर, नाहीतर सेंट दाखवणारा चांगला ट्यूनर लागतो. आणि कान.

तीन फेऱ्या

त्या वादकांच्या मिनीमूगवर काय केलं ते आकड्यांसकट सांगतो.

पहिला ऑसिलेटर एकटा ऐकायचा, मिक्सरमधले बाकीचे बंद. रेंज ८ फुटांवर. (हे फूट चर्चच्या ऑर्गनच्या नळ्यांचे. नळी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर, म्हणून ३२, १६, ८, ४, २.) पिचचं चाक बरोबर मध्यभागी, ग्लाइड आणि मॉड्युलेशन या स्वर हलवणाऱ्या सोयी बंद, आवाजाचा टोकदारपणा गाळणारा फिल्टर पूर्ण उघडा. खालची पांढरी सहा दाबली आणि ट्यूनच्या बटणाने ती ११० हर्ट्झवर आणली. मग तीन सप्तकं वरची पांढरी सहा. हवे होते ८८०, मीटर म्हणाला ८६८. जवळपास २४ सेंट उतरलेली, म्हणजे दर सप्तकाला आठ. पहिल्या दिवशी कानाला जे बोचलं होतं ते हेच.

आता स्केलचा ट्रिमर, केसभर. वरचा स्वर चढला. पण खालची पट्टी दाबली तर तीही हललेली, ११० राहिलेली नाही. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो. दोन्ही ट्रिमर एकमेकांच्या पायात पाय घालतात, म्हणून ठरवून टाकायचं: खालच्या स्वराला कायम ट्यूनच्या बटणाने जागेवर आणायचं, वरच्याला कायम स्केलने. अदलाबदल करायची नाही. खालचा स्वर ११० वर आणून पुन्हा वर मोजलं, ८७६.५ आले. चूक २४ सेंटवरून सातवर. तिसऱ्या फेरीत ८७९.५, एक सेंटचा फरक. तिथे मी थांबलो. झाकण लावलं, चहा घेतला, वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं. तिथेच होता.

तंबोरा लावणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. जोडीच्या तारा लावून खर्जाकडे वळलं की जोड किंचित हललेली असते, पुन्हा तिकडे जावं लागतं. खुंटीने जवळ आणायचं, मण्याने चिकटवायचं. इथेही प्रत्येक फेरीत चूक लहान होत जाते, फक्त घाई नको.

एवढं झाल्यावर मधले स्वर तपासायचे. दोन टोकं बरोबर आणि मधलं सप्तक वाकडं असेल तर दोष स्केलमध्ये नसून पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये किंवा व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरमध्ये आहे. पट्टी सोडल्यावर स्वर हळूहळू घरंगळत खाली गेला, तर तो कपॅसिटर गळतोय.

अगदी वरच्या टोकाला एक तिसरी अडचण भेटते. कपॅसिटर रिकामा व्हायला थोडा का होईना वेळ लागतो. खालच्या स्वरांत तो वेळ एकूण हिशोबात बुडून जातो, पण २ फुटांच्या रेंजवर, सेकंदाला काही हजार वेळा भरताना, तोच वेळ जाणवायला लागतो आणि वरचे स्वर उतरतात. यासाठी बऱ्याच यंत्रांत वेगळी सोय असते, उच्च स्वरांना थोडा जादा धक्का देणारी. ती नेहमी शेवटी जुळवायची. आधी तिला हात लावला तर स्केलची चूक तिच्याखाली झाकली जाते आणि मधली सप्तकं बिघडतात.

दुसरा आणि तिसरा ऑसिलेटर लावताना मी मीटर बाजूला ठेवतो. पहिल्याच्या जोडीने दुसरा सुरू करायचा आणि ऐकायचं. दोन स्वर जवळ आले की आवाज डोलायला लागतो, वाढतो, कमी होतो, वाढतो. शाळेच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात, तंबोऱ्याच्या जोडीत आपण हीच लहर ऐकतो. ४४० आणि ४४१ एकत्र वाजले तर सेकंदाला एक लहर. एक सेंटचा फरक ४४० हर्ट्झला म्हणजे पाव हर्ट्झ, चार सेकंदांना एक लहर. असा फरक दाखवणारं कुठलं यंत्र तुमच्याकडे नसलं तरी कान तो सहज दाखवतो, फक्त थांबून चार सेकंद ऐकायचं. मात्र तीच एक सेंटची चूक दोन सप्तकं वर चौपट वेगाने डोलते, सेकंदाला एकदा. म्हणून वरची लहर जरा जलद वाटली तर लगेच ट्रिमरकडे धावायचं नाही; आधी हिशोब करायचा.

फिल्टरचंही एक स्केल असतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मिनीमूगच्या फिल्टरचं एम्फसिस हे बटण पुरतं वाढवलं की फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागतो. पट्ट्यांचा ताबा देणारे दोन्ही स्विच चालू केले की ती शीळ पट्ट्यांमागे स्वरात चालायला हवी. ती कणसूर असेल तर वरच्या पट्ट्यांवर आवाज एक तर मंद किंवा नको तितका टोकदार होतो, आणि वादकाला वाटतं ऑसिलेटरमध्ये काहीतरी आहे.

दहा ऑसिलेटर असले तर

मिनीमूगला तीनच ऑसिलेटर. सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-५ १९७८ मध्ये आला, त्यात पाच आवाज, म्हणजे एका वेळी पाच स्वर वाजवायची सोय, आणि प्रत्येकाचे दोन ऑसिलेटर, असे दहा. कार्यक्रमाच्या आधी दहांना हाताने लावणं कोणाला जमणार? डेव्ह स्मिथ यांनी त्यात मायक्रोप्रोसेसर बसवला होता. ट्यूनचं बटण दाबलं की तो एकेका ऑसिलेटरची कंपनं मोजतो आणि चूक भरून काढणारे आकडे लक्षात ठेवतो. रोलँडच्या ज्युपिटर-८ मध्येही अशी सोय आहे, तिथे सोळा ऑसिलेटर. हेच ज्युपिटर-८ घेऊन मुंबईचे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रागांची ध्वनिमुद्रिका केली. मुंबईच्या हवेत सोळा ऑसिलेटर रागाच्या स्वरांवर ठेवायचे म्हणजे काय, हे एकदा ट्रिमर हातात घेतलेल्यालाच कळेल.

पण हे बटण म्हणजे जुळणी नव्हे. प्रोसेसरला भरून काढता येणाऱ्या चुकीला मर्यादा असते. एखादा आवाज त्या मर्यादेबाहेर गेला, की पाचातला तेवढाच सुटतो, आणि दर पाचवा स्वर कणसूर येतो. तेव्हा आतले ट्रिमर हाताने लावून चूक प्रोसेसरच्या आवाक्यात आणून द्यावी लागते. आणि आज दाबलेलं बटण उद्या, मग दर तासाला दाबावं लागत असेल, तर तिथे एखादा भाग मरायला टेकलाय.

हे ओळखणं जुळणीइतकंच महत्त्वाचं. ट्रिमर एका टोकाला जाऊन भिडला आणि तरी स्वर पोचत नाही, तर तो भाग बिघडलाय. यंत्र गरम होताना स्वर एकाच दिशेने हळूहळू सरकून स्थिर झाला, तर तो त्याचा स्वभाव आहे. पण मध्येच उडी, मग शांतता, मग पुन्हा उडी, हे उष्णतेचं काम नव्हे; कुठे तरी ड्राय सोल्डर, सैल कनेक्टर किंवा मळका ट्रिमर आहे. कॉर्गच्या पॉलिसिक्समध्ये तर आठवणी जपणारी बॅटरी गळून बोर्डाच्या तांब्याच्या रेषाच खाते. तिथे सूर लावत बसलात तर बॅटरी आपलं काम चालूच ठेवेल. असं यंत्र घरात असेल तर आजच उघडून बॅटरी बघा.

१९८२ मध्ये आलेल्या रोलँडच्या जुनो मालिकेने हा प्रश्नच वळसा घालून सोडवला. ऑसिलेटर ॲनालॉगच, पण त्याला कधी रिकामं व्हायचं ते डिजिटल घड्याळ सांगतं, म्हणून स्वर हवेबरोबर हलत नाही. जुनो सुरात नाही अशी तक्रार माझ्याकडे फारशी येत नाही. तरीही लोक मिनीमूग सांभाळतात, कारण त्याचे तीन ऑसिलेटर एकमेकांशी कधीच पूर्ण चिकटत नाहीत आणि त्यांच्या सावकाश डोलण्यातूनच तो जाड, भरलेला आवाज येतो. जुळणी करताना मी हे डोलणं मारून टाकत नाही. स्केल मात्र अचूकच हवं. डोलणं सगळ्या सप्तकांत सावकाश राहिलं तर ते गोड लागतं. खाली सावकाश आणि वर थरथरणारं झालं, की तो बिघाड.

त्या वादकांचं यंत्र तिसऱ्या दिवशी तयार झालं. पॅनेलच्या आत मी कागदाची चिठ्ठी चिकटवली: तारीख, खोलीचं तापमान २७ अंश, तिन्ही ऑसिलेटरचे खालचे-वरचे आकडे, कोणता ट्रिमर बदलला. पुढे जो कोणी उघडेल त्याला कळेल, की तेव्हापासून काय हललंय. ते घ्यायला आले, स्टुलावर बसले आणि आधी सगळ्यात वरच्या दीड सप्तकात वाजवायला लागले. बराच वेळ तिथेच होते. मग म्हणाले, "तिसरा जरा सोडा. अगदी किंचित." मी म्हटलं, तुम्हीच सोडा. त्यांनी तिसऱ्या ऑसिलेटरचं बटण दोन बोटांत धरलं, डोळे मिटले, आणि चार सेकंदांची लहर दोनावर आणून हात काढून घेतला.